नाकाशी अडणारा रोलर

“मुलगा असावा तर असा! आमचे दिवटे साधी पिशवी उचलत नाहीत,” असे शेजारी म्हणत. म्हाताऱ्या वडिलांची बोट पाण्यातून ट्रेलरवर चढवायला हा वेल्डर मुलगा दर रविवारी येई. ट्रेलरच्या पुढचा रबरी रोलर उंच होता. बोटीचे नाक त्याखाली अडके आणि ते उचलायला दुसरा माणूस लागेच.

एका रविवारी त्याने बोल्ट सैल करून रोलर चार बोटे खाली घेतला. वडिलांनी एकट्याने दोर ओढणारी विंच फिरवली आणि बोट अलगद वर आली. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

“अरे, तो उंच मीच बसवला होता. तेवढ्या निमित्ताने तू यायचास.”

मुलाने पाना पुसला.

“ठाऊक होतं, बाबा. म्हणूनच खाली घेतला. आता दर रविवारी यायला नको.”