पान एक्केचाळीसवरचा रेडा

रानम्हशींचा कळप अंगावर आला, हातात एकच भाला आहे आणि वार करायला क्षण एकच, तर तो भाला तुम्ही कोणावर फेकाल?

सर्वांत मोठ्या रेड्यावर. आम्ही पाचही जणांनी तेच उत्तर दिलं होतं. आणि ती, सरकी ढेपेच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातलेली, एक हात बाहेर काढून हवेत झटकून म्हणाली होती, "मरी गयात तुम्ही."

मेलात तुम्ही. आमची तिची ओळख अशी झाली.

शहाद्यात माझा मित्र पारस याच्या घरामागे गोठा होता आणि गोठ्याला लागून ढेप, म्हणजे म्हशींची पेंड, ठेवायची खोली. दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण तिथे पोत्यांच्या मध्ये टेबल टाकून खेळायचो. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी वैदू, कोणी चोर. वाटेत नदी येते, किल्ला येतो, तसे प्राणी आणि राक्षसही येतात, आणि तुमचा डाव साधला की फसला हे फासे ठरवतात. गोष्ट चालवायचं काम माझं असायचं. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी मोर्च्यांची पत्रकं यायची. त्यामुळे माझ्या गोष्टीतले राजे फार वेळ गादीवर टिकत नसत, अशी पारसची तक्रार होती.

ती पारसच्या वडिलांकडे म्हशी सांभाळायची. सातपुड्यातल्या मोलगीच्या वरच्या अंगाला कुठल्याशा पाड्यावरची. घरची बोली वेगळी, पण आमच्याशी शहाद्यात शिकलेली अहिराणी बोलायची, तोडून तोडून. सगळे तिला माय म्हणत. ती ढेप न्यायला यायची आणि पाटी भरून झाली तरी उभी राहायची. आम्हाला वाटायचं, दमते म्हणून थांबते. ती ऐकत असायची.

त्या दिवशी मेल्याचं कारण आम्ही विचारलं, तेव्हा तिने ढेपेचे तुकडे टेबलावर मांडले. मधे बारके तुकडे, ती रेडकं. त्यांच्या भोवती मोठे, सगळ्यांची तोंडं बाहेर. एक जाडजूड तुकडा तिने टेबलाच्या पार कडेला ठेवला आणि म्हणाली, हा तुमचा रेडा. "हाऊ आज शे, सकाय नही." आज आहे, उद्या नाही. मग एक झिजलेला, कोपरे तुटलेला तुकडा सगळ्यांच्या पुढे ठेवला आणि त्यावर बोट टेकवून बराच वेळ तसंच ठेवलं.

"हाई म्हतारी. हाई पुढे चालस."

कळप म्हातारीच्या मागे चालतो. ती थांबली की थांबतो, ती वळली की वळतो. तुम्ही रेड्यावर भाला फेकला तर म्हातारीने तुम्हाला आधीच पाहिलेलं असतं. पाहिलेलंही नाही, हुंगलेलं असतं.

तिने स्वतः रानम्हैस कधी पाहिली नव्हती, आणि तसं ती सरळ सांगायची. आपल्या राज्यात त्या उरल्यात थेट पूर्वेच्या टोकाला, गडचिरोलीच्या जंगलात, अगदी मोजक्या. पण लहानपणी तिने डोंगरात दुसऱ्यांच्या म्हशी चारल्या होत्या. बिबट्या आला की त्या कशा उभ्या राहतात हे त्यांच्या पोटाखाली बसून पाहिलं होतं. गावची म्हैस रानात सोडली तर चार दिवसांत तिला सगळं आठवतं, असं ती म्हणायची.

पुढच्या रविवारपासून ती खेळात आली. माणूस व्हायला तिने नकार दिला. ती कळप झाली.

पारसने तिच्यापुढे फासे ठेवले. प्रत्येक प्राण्याला बळाचे, वेगाचे, जिवाचे आकडे असतात, हे त्याने तिला फार प्रेमाने समजावून सांगितलं. तिने फासे हातात घेऊन पाहिले आणि परत दिले.

"म्हैस काय फासा टाकीसनी येस का?"

आमच्या खेळातला पहिला अस्सल नियम असा तयार झाला. फासे माणसांनी टाकायचे, कळपाने नाही. कळप तुम्ही काय केलंत ते पाहतो आणि तसं वागतो. दुसरा नियम: जिवाचा आकडा एकेका म्हशीला नाही, सगळ्या कळपाला मिळून एकच. तिसरा: रेडकाला धक्का लागला की तो आकडा दुप्पट. हे सगळं ती तिच्या शब्दांत सांगायची आणि मी आकड्यांत लिहून घ्यायची. आकड्यांचं तिला काही नव्हतं. तिचा प्रश्न एकच असायचा, आणि तो ती दर पाच मिनिटांनी विचारायची: "वारा कथाईन ई ऱ्हायना?" वारा कुठून येतोय? आम्ही राजवाड्याच्या तळघरात असलो तरी. एकदा पारस वैतागून म्हणाला, माय, तळघरात वारा नसतो. ती म्हणाली, मग तिथे श्वास कसा घेता रे, आणि पाटी उचलून निघून गेली. त्या दिवशी तळघरातला प्रत्येक जण वारा शोधत बसला, आणि त्या वाऱ्याच्या मागे जाऊनच बाहेरची वाट सापडली.

ही तिची जाण खेळापुरती नव्हती. पारसचे वडील मूळचे राजस्थानकडचे, कापडाच्या दुकानात वाढलेले. म्हशीतलं त्यांना फक्त दूध कळायचं. तापीकाठच्या प्रकाशा गावी एक म्हैस बघायला निघाले तेव्हा त्यांनी तिला बरोबर घेतलं आणि मीही गाडीत बसले. विकणाऱ्याने तेल लावून चमकवलेली, भरलेल्या अंगाची म्हैस पुढे केली. मायने त्या म्हशीकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्या म्हशी तापीवर पाण्याला सोडा, म्हणाली. तो माणूस कुरकुरत राजी झाला. काठाला जाताच एका हाडकुळ्या म्हशीला बाकीच्यांनी वाट करून दिली. ती आधी प्याली, मग दुसऱ्या. "हाई ल्या शेठ," माय म्हणाली. शेठजींनी मन मारून तीच घेतली. त्या हाडकुळीने गोठा इतका शहाणा केला की महिनाभराने ते स्वतःच गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगू लागले, फक्त त्यात म्हैस त्यांनी स्वतः निवडलेली असायची.

आमचा सर्वांत चांगला खेळ झाला त्या दुपारी एकही वार झाला नाही. दरीत आम्ही आणि समोर कळप. पारसचा योद्धा कायम सर्वांत पुढे असायचा. त्याने पहिल्यांदाच विचारलं, "माय, तलवार खाली ठेवली तर?" त्याने ठेवली. मग एकेकाने ठेवली. वारा कुठून येतोय ते पाहून आम्ही सरकत सरकत कड्याला लागलो, आणि तिने ढेपेचे तुकडे एकेक करून आमच्या समोरून पुढे नेले. सगळ्यात शेवटी झिजलेला तुकडा. पुढे चालणारी म्हातारी आता मागे थांबली होती, सगळे सुखरूप गेले का ते बघायला. मी आजवर गोष्टीत कितीतरी राक्षस आणलेत, पण छातीत इतकं धडधडलं ते फक्त त्या दुपारी.

त्यानंतर आम्ही आमच्या खेळाची पुस्तिका काढायचं ठरवलं. रानम्हशीचं पान मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिने एकच अट घातली. खेळात प्राणी मारला की खेळाडूला काहीतरी मिळतं, हे तिने ऐकून ऐकून ओळखलं होतं. "लिही ले, पन मारानं बक्षीस ठेवू नको." मी शब्द दिला. तुझं नाव टाकू का, विचारलं. तिला हसू आलं. "मन्हं नाव लिखीसनी म्हैसले काय भेटी?" म्हणून इथेही तिचं नाव नाही. तिने मागितलं होतं ते नाव नव्हतं.

शहाद्यात छापलेली, स्टेपल मारलेली ती पुस्तिका हातोहात पुण्यापर्यंत गेली. तिथल्या एका प्रकाशकाचा फोन आला, मोठं रंगीत पुस्तक करू म्हणाला. मला आकाश ठेंगणं झालं. करार आला, मी सही केली. 'आवश्यक ते बदल करण्याचा अधिकार प्रकाशकाकडे राहील' ही ओळ त्यात होती, बारीक अक्षरात. पत्रकांवर वाढलेली मी, लोकांना बारीक अक्षरं वाचायला शिकवणारी मी, तीच ओळ वाचायची राहिले. हा राग माझा माझ्यावर आहे आणि तो मी कोणाबरोबर वाटून घेणार नाही.

बाकीचा राग मात्र तुम्हाला सांगायचा आहे.

पुस्तक आलं. पान एक्केचाळीस. लाल डोळ्यांचा, नाकातून धूर सोडणारा, डोंगराएवढा एक रेडा. एकटा. कळप नाही, रेडकू नाही. म्हातारी नाही. खाली मजकूर: हिंस्र, माणूस दिसताच हल्ला करतो. बळ इतकं, जीव इतका. मारल्यास बक्षीस: शिंगं, कातडं आणि बढती. आणि चौकटीत, तिरप्या अक्षरात: 'सातपुड्यातील आदिवासी लोककथांवर आधारित.'

ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तिने सांगितलेलं सगळं काढून टाकलं, तिने घालू नका म्हटलेलं तेवढं घातलं, आणि मग तो राक्षस तिच्याच लोकांच्या तोंडी घातला. आमच्या डोंगरातल्या माणसाने कुठली गोष्ट सांगितली होती की एकट्या रेड्याला मारा आणि मोठे व्हा? ती भूक प्रकाशकाची. लोककथा म्हणे डोंगरातल्यांची.

तिला पुस्तक दाखवायचं मी टाळत होते. पारसने दाखवलं. त्याला वाटलं, ती खूश होईल. तिने लुगड्याला हात पुसले, दोनदा पुसले, आणि पुस्तक मांडीवर घेतलं. चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हतारी कोठे शे?"

मी खोटं बोलले. म्हणाले, पुढच्या पानावर असेल.

तिने पान उलटलं. तिथे मगर होती. तिने पुढचं उलटलं, मग त्याच्या पुढचं. तिला अक्षर येत नव्हतं, पण चित्र कळत होतं. ती शेवटच्या पानापर्यंत गेली, एकेक पान, बोटाला थुंकी लावून. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं, पाटी भरली आणि गोठ्यात गेली. त्यानंतर ती खेळायला थांबली नाही. मी बोलवायला गेले की म्हणायची, काम शे.

मी प्रकाशकाला फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. "ताई, तुमच्या भावना समजतात. पण खेळाडूला मारायला काहीतरी लागतं ना." मी म्हटलं, मगर आहे, भुतं आहेत, तुमचे सगळे राजे आहेत, त्यांना मारा. तो हसला. मग म्हणाला, हे बघा, एकाही वाचकाची तक्रार नाही. लोकांनी मागितलं तर दुसऱ्या आवृत्तीत विचार करू.

मधल्या काळात पारसच्या वडिलांनी म्हशी विकल्या. गोठ्याच्या जागी गोदाम होतंय. म्हशींबरोबर तीही गेली, म्हणजे तिचं काम संपलं असं तिला सांगण्यात आलं. इतकी वर्षं राहिलेल्या बाईला निघताना एक साडी आणि मिठाईचा पुडा दिला. पारस त्या दिवशी घरात थांबला नाही. मी तिला जीपपर्यंत सोडायला गेले. गाठोडं मांडीवर घेऊन ती मागच्या बाकावर दाटीवाटीत बसली, आणि गाडी सुरू झाल्यावर बाहेर वाकून म्हणाली,

"त्या पानमा म्हतारीले आन. आनशी ना?"

मी हो म्हटलं. तिला दिलेला हा माझा दुसरा शब्द. पहिल्याचं काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे.

दिवाळीनंतर मी मोलगीच्या बाजारात तिला शोधत गेले. तिच्या पाड्यावरची एक बाई भेटली. म्हणाली, ती लेकीच्या घरच्यांबरोबर गुजरातला ऊसतोडीला गेली. तोडायला नाही हो, म्हणाली, तिच्याने आता कोयता चालवत नाही. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, नातवंडं सांभाळायला. या वयात उसाच्या फडाच्या कडेला पालाच्या कोपीत बसून ती लेकीची पिल्लं राखते आहे, आणि पुण्यातलं पुस्तक सांगतं की सातपुड्याच्या गोष्टीत असतो तो एकटा रेडा.

डोंगरातली माणसं कुठेही असली तरी होळीला परत येतात. तीही येईल. आणि प्रकाशकाची दुसरी आवृत्ती होळीच्या आधी छपाईला जाणार आहे, हे मी त्याच्याकडूनच काढून घेतलं आहे. माझी पत्रं त्याने बाजूला ठेवली. मी लेखिका, मी वाचक नाही. वाचक तुम्ही आहात.

तुमच्या घरात, तुमच्या भाच्याच्या, शेजारच्या मुलीच्या कपाटात ते पुस्तक असेल तर काढा. प्रकाशकाचा पत्ता मलपृष्ठावर आहे. नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना हा लेख द्या. आणि एक साधं पोस्टकार्ड लिहा, तुमच्या हाताने, तुमच्या नावाने. फार लिहायचं नाही: पान एक्केचाळीसवर कळप आणा, म्हातारीला पुढे ठेवा, मारण्याचं बक्षीस काढा, आणि जे त्यांनी सांगितलंच नाही ते आदिवासींच्या नावावर खपवू नका.

आजच लिहा, आणि उद्या सकाळी पेटीत टाका.