ताटाच्या कडेची हिरवी पानं

सून घरात येऊन पंधरा दिवसही झाले नसतील, तोच मला तिच्या ताटाच्या कडेला हिरवी पानं दिसली. वरणातून, भाजीतून एकेक पान वेचून गुपचूप बाजूला सारलेलं. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, आणि सांबाराशिवाय माझा हात चालत नाही. सासूच्या हातचंच रुचलं नाही, तर ही पोर या घरात रमणार कशी?

बरं, डोणगावची पोर. परमुलखातली नव्हे, की तिला सांबार ठाऊक नसावा.

विचारलं असतं तर "काही नाही, आई" म्हणाली असती. म्हणून मी तपास लावला. एकदा सांबार अगदी बारीक चिरला. तिनं वरणच कमी घेतलं. एकदा भरतात देठांसकट घातला. पोरीनं पाण्याबरोबर घास उतरवला. मग नुसती धन्याची पूड घालून मसाल्याची वांगी केली, तर बयेनं दोनदा मागून घेतली! अरे देवा, झाड एकच, मग बी चालते अन् पान चालत नाही?

शेवटी राहवेना. जेवताना विचारलंच, "काऊन वं बाई, सांबाराशी तुहं काय वैर आहे?"

तिचा चेहरा उतरला. "राग नका मानू आई. मले त्याचा साबणासारखा वास येते. लहानपणापासून."

"साबण?" मी एक काडी चुरगळून हुंगली आणि मला हसूच फुटलं. "ऐकलं का हो? सांबाराले म्हणे साबणाचा वास!"

आमचे हे भाकरी मोडता मोडता थांबले. "मलेही येते."

"आँ? कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तू इतक्या हौसेनं टाकत होती."

सून पदराआड हसली. मला भयंकर राग आला. इतकी वर्षं माणूस गप्प! ती काडी मी पुन्हा पुन्हा हुंगली. आम्हा तिघांचं घर एक, ताटं एक, मग नाकं अशी वेगळी कशी?

दुसऱ्या दिवशी सांबार टाकायच्या आधीच दोन वाट्या वरण काढून ठेवलं. सुनेनं भात कालवला. ह्यांनी वाटी रिकामी केली, बोटं चाटली आणि परत वाटी पुढं केली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मी आपली येईल त्याला सांगत आले होते, आमच्या ह्यांचं जेवणच कमी.