गोबरगॅसला फिनेल

पहिली काडी विझली. दुसरीही विझली. तिसरी शेवंताक्कांनी माझ्या हातातून घेतली, स्वतः ओढली आणि शेगडीच्या तोंडाशी धरली. ती त्यांच्या बोटांपर्यंत जळत आली, पण शेगडी काही पेटली नाही.

"गेलं की वो बाई आपलं शेण," आक्का म्हणाल्या.

त्याच दुपारी पुण्याहून गोबरगॅसची पाहणी करायला समिती यायची होती. तिने 'ठीक' म्हटलं तर आमच्या लेडीज हॉस्टेलचा गोबरगॅस राहणार होता. नाही म्हटलं तर पाइप उखडून पुन्हा लाकडाच्या चुली सुरू होणार होत्या.

मागच्या रविवारी फोनवर मीराने मला विचारलं, "आजी, आमच्या युनिव्हर्सिटीत सस्टेनेबिलिटीचं वेगळं ऑफिस आहे. तुमच्या वेळी असलं काही होतं का?" होतं. ऑफिस नव्हतं, शेण होतं. म्हणून तुम्हा नातवंडांसाठी हे सगळं नीट क्रमाने लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापूरच्या विद्यापीठात बॉटनी शिकवत होते आणि लेडीज हॉस्टेलची रेक्टर होते. रेक्टर म्हणजे मुलींची आई, पोलीस आणि वाणी, तिन्ही एकाच पगारात. शेवंताक्का आमच्या मेसच्या मुख्य स्वयंपाकीण. मलकापूरकडच्या. सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेलं. खोकला जुना होता, पण आता डोळेही लालभडक झाले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धूर बंद करा, नाहीतर काम बंद करा. काम बंद केलं तर आक्कांचं घर चालवणारं दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हा गोबरगॅसची खूप चर्चा होती. त्याची रचना सोपी असते. जमिनीत विहिरीसारखी टाकी. तिच्यात शेण आणि पाणी कालवून सोडायचं. आत हवा नसते, आणि अशाच जागी सुखाने राहणारे सूक्ष्म जीव ते शेण खाऊन गॅस सोडतात. टाकीवर लोखंडी ड्रम उपडा ठेवलेला असतो. गॅस साठला की ड्रम वर येतो, वापरला की खाली जातो. खाऊन झाल्यावर उरतो तो पातळ चोथा. त्याला स्लरी म्हणतात. ते उत्तम खत.

कॅम्पसच्या कुंपणापलीकडे दत्तू गवळ्याचा गोठा होता. त्याला शेण मागितलं तर तो म्हणाला, "न्या की बाई! म्हशी काय मोजून देत्यात व्हय?" पुढे तो गावभर सांगत सुटला की विद्यापीठ माझ्या म्हशींवर चालतंय.

अडचण आली ती स्वयंपाकघरातून. आक्काच म्हणाल्या, "शेणावर शिजवल्यालं पोरी खातील व्हय?" मी म्हटलं, "गोवरीवर भाजलेलं वांगं खातातच ना?" मुलींनी आठवडाभर भाकरी हुंगून खाल्ली, मग हुंगायचं विसरल्या. आणि एके दिवशी आक्का मला मुद्दाम बोलावून म्हणाल्या, "बाई, आज अख्खा सैपाक झाला आन् पदर कोरडा हाय बगा." पदराने डोळे पुसायचं काम त्या दिवशी पडलं नव्हतं.

मी थोडी पुढे गेले. बीएस्सीच्या मुलींचं एक प्रॅक्टिकल टाकीपाशी घ्यायला लागले. रोज ड्रम किती वर आहे ते बघायचं, स्लरी घातलेली वांगी आणि न घातलेली वांगी शेजारी लावायची. आमचे विभागप्रमुख अस्वस्थ झाले.

"बाई, सिलॅबसमध्ये शेण कुठे आहे?"

"सर, 'डीकंपोझिशन' या शब्दात आहे."

त्यांनी सिलॅबस उघडला, तो शब्द शोधला आणि मिटला. वांगी मात्र घरी नेली.

तर समिती यायच्या आधीचा आठवडा मी जयसिंगपूरला होते. तिथल्या कॉलेजात परीक्षेसाठी एक्स्टर्नल म्हणून गेले होते. परतले ती आदल्या संध्याकाळी, उशिरा. कॅम्पस ओळखू येईना. दगडांना चुना, झाडांना गेरू, फाटकाला पताका. हे काम मोहितेसाहेबांचं. ते इस्टेट ऑफिसचे सुपरिंटेंडेंट. म्हणजे इमारती, नळ, झाडलोट सगळं त्यांच्याकडे. माणूस मनाने चांगला, पण कोणी पाहुणा येणार म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. उभी असलेली वस्तू रंगवायची आणि आडवी असलेली फिनेलने धुवायची, हा त्यांचा नियम.

सकाळी त्या तीन काड्या विझल्यावर मी टाकीकडे गेले. ड्रम तळाशी बसला होता. आणि शेण कालवायच्या हौदाला चक्क इस्पितळाचा वास येत होता.

"मोहितेसाहेब, इथे काय टाकलंत?"

"काही नाही बाई, स्वच्छता," ते अभिमानाने म्हणाले. "काय घाण वास यायचा! समितीने नाकाला रुमाल लावला असता. मी आठवडाभर रोज हौद फिनेलने धुऊन पाणी आत टाकीत सोडलंय. जंतू म्हणून राहिला नाही एक!"

"साहेब, तेच जंतू गॅस करत होते."

मोहितेसाहेबांचा चेहरा त्यांनीच चुना मारलेल्या दगडासारखा झाला. ते म्हणाले, "मग आता दुसरे जंतू कुठे मिळतील? स्टोअरमध्ये विचारू का?"

मी त्यांना सांगितलं की आज काही होणार नाही, समितीला खरं ते सांगू. ते "बरं बरं" म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले, कारण जेवण तर व्हायलाच हवं होतं. जुनी चूल पडवीतून आत आणली. लाकडं आम्ही घेणंच बंद केलं होतं. परसात थोडी बाभळीची पडली होती, श्रावणाच्या भुरभुरीत भिजून गच्च. आक्कांनी पदर खोचला आणि फुंकणी हातात घेतली.

दुपारी समिती आली. अध्यक्ष फिजिक्सचे निवृत्त प्रोफेसर होते, हातात छत्री, बोलणं मोजकं. मी त्यांना टाकीकडे नेलं आणि थबकले. ड्रम चांगला कमरेइतका वर आला होता. मोहितेसाहेब आकाशाकडे बघत होते.

अध्यक्षांनी प्रॅक्टिकलच्या मुलींमधल्या सुनंदाला विचारलं. ही पेठ वडगावची, हुशार आणि तोंडाने फटकळ.

"ड्रम वर आहे याचा अर्थ काय?"

"आत गॅस भरलाय, सर."

अध्यक्षांनी छत्री उचलून स्वयंपाकघराच्या धुराड्याकडे रोखली. त्यातून काळाकुट्ट धूर निघत होता. "मग तो धूर कसला?"

सुनंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मोहितेसाहेबांकडे. "सर, ह्यो ड्रम गॅसनं वर आलेला न्हाय. खाली इटा हायत."

मोहितेसाहेब घाईने पुढे झाले. "तात्पुरता आधार आहे साहेब, मजबुतीसाठी..." आणि मजबुती दाखवायला त्यांनी ड्रमवर हात टेकला. वीट सरकली. ड्रम कलंडत खाली गेला आणि आतली स्लरी उसळून त्यांच्या नव्या पांढऱ्या सफारीवर पोटापासून गुडघ्यापर्यंत आली. कुंपणापलीकडून दत्तू गवळी ओरडला, "आवं साहेब, ते वांग्याला घालायचं असतंय!"

मुली हसल्या, मी त्यांना दटावलं आणि अध्यक्षांना फिनेलची सगळी हकिगत सांगितली. त्यांचा चेहरा हलला नाही. "म्हणजे आज मला चालू प्लँट दिसणार नाही," ते म्हणाले. "मग मी रिपोर्टमध्ये काय लिहू?" ते स्वयंपाकघराकडे वळले.

दारातच त्यांना ठसका लागला. आत आक्का धुरात नुसत्या आवाजाने ओळखू येत होत्या.

"कोन हाय? आत या की पावणं. उभं ऱ्हाऊ नगासा, वर धूर जास्त लागतोय. बसा त्या पाटावर."

अध्यक्ष पाटावर बसले. आक्कांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी फुंकणी समोरच्या माणसाच्या हातात दिली. "वाईच फुंका की. मला दम लागलाय."

आणि फिजिक्सच्या निवृत्त प्रोफेसरांनी फुंकणी तोंडाला लावली. त्यांनी फुंकलं, चुलीने सगळा धूर त्यांच्या तोंडावर परत केला. पुन्हा फुंकलं. चष्मा काढला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"रोज असंच असतं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"न्हाय वो. शेणाचं चालू हुतं तवा न्हाय. आता साहेबांनी त्येला औषध पाजलंय, मग ते तरी काय करंल?" मग त्या मऊपणाने म्हणाल्या, "रडू नगा. सवय हुतीया. मला बी झाली हुती."

अध्यक्ष बाहेर आले तेव्हा त्यांचा रुमाल चिंब झाला होता. बाकीचे सदस्य घाबरले, त्यांना वाटलं आत काहीतरी दुःखद घडलंय. तसं ते घडतच होतं, कित्येक वर्षं.

जेवणानंतर त्यांनी रिपोर्ट तिथेच लिहून घेतला. लेडीज हॉस्टेलचा प्लँट राहील. मुलांच्या हॉस्टेललाही एक बांधावा. आणि यापुढे पाहणीची तारीख इस्टेट ऑफिसला आधी कळवू नये.

टाकी उपसून पुन्हा भरावी लागली. दही लावायला विरजण लागतं, तशी जिवंत स्लरी लागते. पेठ वडगावला सुनंदाच्या चुलत्यांकडे असा प्लँट होता. तिथून दत्तूने डबे भरून बैलगाडीतून आणले, वाटेत भेटेल त्याला "विद्यापीठाचं विरजण हाय" असं सांगत. गॅस यायला बरेच आठवडे गेले. ज्या दिवशी काडी लागली, त्या दिवशी आक्कांनी पहिला चहा मोहितेसाहेबांना पाठवला. तो त्यांनी हुंगून घेतला.

मोहितेसाहेबही मागे राहिले नाहीत. महिन्याभरात हौदाशेजारी त्यांच्या ऑफिसने लाल अक्षरांत पाटी लावली: 'येथे स्वच्छता करण्यास सक्त मनाई आहे.' मी निवृत्त झाले तेव्हाही ती तिथेच होती, आणि दर दिवाळीला तिला न चुकता नवा रंग मिळत होता.

मीरा, तुझ्या त्या ऑफिसातल्या लोकांना एवढंच सांग. ड्रमच्या खाली काय आहे ते अधूनमधून वाकून बघत जा. आणि अध्यक्षांना आधी स्वयंपाकघरात बसवा, आकृत्या नंतर दाखवा.