जोगळेकर डॉक्टर उभे राहिले

सिंकखालच्या ड्रॉवरमध्ये कॅरिअर बॅगा साठत जातात ना, तसे हे किस्से साठलेत. मुद्दाम एकही जमवला नाही, आणि टाकवत तर एकही नाही! वेल्समधल्या आमच्या व्हॅलीत मराठी घरं मोजून तीन. शनिवारी कोणाकडे तरी जमायचं, बटाटेवडे संपवायचे, पावसाला शिव्या घालायच्या, की कोणीतरी म्हणतंच, "शैला, तो इलेक्शनचा सांग ना!"

शैला म्हणजे मी. जोगळेकर डॉक्टरांच्या सर्जरीची प्रॅक्टिस मॅनेजर. इथे सर्जरी म्हणजे दवाखाना, कापाकापी नव्हे. अपॉइंटमेंट देणं आणि फोनवर ओरडणाऱ्यांवर त्यांच्याहून मोठ्यानं ओरडणं, हे माझं काम. एक घर माझं आणि प्रकाशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. दुसरं डॉक्टरांचं आणि सुनंदावहिनींचं. तिसरं रिबेकामावशींचं. मावशी मुंबईच्या बेने इस्रायली, इथल्या हॉस्पिटलातून वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. मराठी अशी खणखणीत की समोरच्याचे कान लाल!

*

आम्ही इथे आलो तेव्हा दोन हजार एकचं इलेक्शन तोंडावर होतं. प्रकाश पुण्याचा, राजकारणावर बोलल्याशिवाय त्याला जेवण पचत नाही. त्यानं कुंपणावरूनच शेजारच्या गॅरेथला गाठलं.

"यंदा इथून कोण उभं आहे?"

"लाल," गॅरेथ म्हणाला. लाल म्हणजे लेबर पक्ष.

"हो, पण माणसाचं नाव?"

गॅरेथनं डोकं खाजवलं. आत बायकोला हाक मारली. तिलाही माहीत नव्हतं. शेवटी म्हणाला, "नाव कशाला हवं? आजोबांनी लालला दिलं, वडिलांनी दिलं, मी देतो. कोळशाच्या खाणी बंद झाल्या, पण हे चालू आहे."

"अरे, पण तो माणूस कधी भेटायला तरी येतो का?"

"देवा, नको!" गॅरेथ म्हणाला. "आला आणि आवडला नाही तर केवढी पंचाईत!"

*

त्याच वर्षी जोगळेकर डॉक्टरांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. त्यासाठी त्यांनी काय केलं असेल? भारताचा पासपोर्ट सोडला!

माणूस बावीस वर्षं इथे. दर वर्षी कौन्सिलचा मतदारयादीचा फॉर्म यायचा आणि डॉक्टर त्यावर प्रामाणिकपणे 'आम्ही परदेशी आहोत' असं लिहून परत पाठवायचे. शेवटी म्हणाले, ज्या गावात राहतो तिथे मत नाही हे बरं नव्हे. घेतलं ब्रिटिश नागरिकत्व. वहिनी दोन दिवस रडत होत्या. डॉक्टरसुद्धा जुना पासपोर्ट कपाटात ठेवताना नाक शिंकरत होते, आणि सर्दी झालीय म्हणून सांगत होते.

मतदानाच्या दिवशी रग्बी क्लबच्या, म्हणजे आमच्या मतदान केंद्राच्या, दारात त्यांना प्रकाश दिसला. मत देऊन बाहेर पडत होता.

"तू इथे कसा? तू तर इंडियन पासपोर्टवाला!"

"मग काय झालं? आपण कॉमनवेल्थ, डॉक्टर! आपल्याला मत असतंच. फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलंय की."

औषधाच्या खोक्यातला चिटोरा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा हा माणूस! बावीस वर्षांत फॉर्म एकदा उलटा करून बघितला नाही. रिबेकामावशींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पेशंटलाही असाच एका बाजूनं तपासतोस की काय रे?"

वहिनी त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. माझ्या मते एक आठवडा कमीच झाला.

*

त्याच दिवसाचा आणखी एक. वहिनींच्या आई तेव्हा मिरजेहून आलेल्या. शाळेत मास्तरीण होत्या, त्यामुळे इलेक्शन ड्यूटी करून हाडं झिजलेली. सीलबंद पेट्या, बंदूकवाले पोलीस, बोटाला शाई, सगळं कोळून प्यायलेल्या. इथलं मतदान बघायचंच म्हणून क्लबच्या दारात उभ्या राहिल्या.

आत काय? एक बाई स्वेटर विणतेय, एक काका बिस्किट खातायत, कोपऱ्यात कोणाचा तरी कुत्रा झोपलाय. पोलीस नाही, शाई नाही. मत द्यायला पेन्सिल, आणि तीही दोरीनं टेबलाला बांधलेली!

"देश द्यायला तयार आणि पेन्सिल द्यायला नाही?" आजी म्हणाल्या.

डॉक्टरांनी नुसतं नाव सांगितलं आणि काकांनी मतपत्रिका दिली. मग मात्र आजींना राहवेना. दारातूनच ओरडल्या, "सुनंदा, विचार त्यांना! ओळखपत्र न बघता कसं देतात? हा जोगळेकरच आहे कशावरून?"

वहिनींनी लाजत लाजत विचारलं. काकांनी बिस्किट खाली ठेवलं आणि अख्ख्या क्लबला ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, या माणसानं गेल्या मंगळवारी माझी मूळव्याध तपासलीय. आणखी कसली ओळख हवी?"

*

आता मुख्य भानगड. दोन हजार पाचच्या इलेक्शनआधी वरच्या कोणीतरी ठरवलं की आमच्या छोट्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद. बायकांनी कळा सोसत डोंगरापलीकडे जायचं! जोगळेकर डॉक्टर इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते. अर्धी व्हॅली त्यांच्या हातावर जन्मलेली. एका शनिवारी वड्याचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "मी उभा राहतो. अपक्ष."

प्रकाश म्हणाला, "डॉक्टर, हॉस्पिटलं कार्डिफच्या वेल्श सरकारच्या हातात असतात. तुम्ही लंडनच्या पार्लमेंटात जाऊन काय करणार?"

"लंडनहून कार्डिफवर ओरडणार!"

वर वहिनी हळूच म्हणाल्या, "आणि इतकी वर्षं राहिलो, आपण यांचे आहोत का नाही ते तरी कळेल." खरं म्हणजे तेच कळायला हवं होतं. त्यांची मुलगी मृणाल मिल्टन कीन्सला, म्हणजे जिथे चौकाचौकात राउंडअबाउट आहेत त्या गावात, आयटीत. दर फोनला म्हणायची, आता इकडे या, तिथे तुमचं कोण आहे?

उमेदवारीच्या फॉर्मवर दहा मतदारांच्या सह्या लागतात. त्या रग्बी क्लबात एका संध्याकाळी मिळाल्या. बाकी फॉर्म डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं भरला, आणि मी तो न बघता जाऊ दिला. चूक माझी! दुसऱ्या दिवशी कौन्सिलच्या ऑफिसातून फोन. तिथली मुलगी रडकुंडीला आलेली. "नाव वाचता येत नाही, पत्ता वाचता येत नाही, काय करू?"

मी निघणार इतक्यात तिचा पुन्हा फोन. "राहू दे. समोरच्या केमिस्टला बोलावलं. त्यानं एका दमात सगळं वाचून दाखवलं."

मग खालच्या आवाजात म्हणाली, "आणि विचारत होता, दिवसातून किती वेळा द्यायचं?"

*

मग सुरू झालं दारोदार फिरणं. डॉक्टर पुढे, क्लिपबोर्ड घेऊन मी मागे. प्रत्येक घरापुढे लिहायचं: पक्कं, कच्चं किंवा नाही. डॉक्टरांचा दंडक असा की सर्जरीत इलेक्शनचा शब्द काढायचा नाही. ठीक आहे. पण दारात उभे राहिलेले डॉक्टर म्हणजे लोकांना फुकटची होम व्हिजिट! कोणी गुडघा पुढे करतंय, कोणी कान. एका आजोबांनी तर भर रस्त्यात मोजा काढून अंगठा दाखवला. एका गल्लीला तीन तास! हॉस्पिटलबद्दल बोलायचं राहूनच जायचं.

पण मतं? सगळी पक्की! "तुम्हाला नाही तर कोणाला, डॉक्टर!" प्रत्येक दारात हेच. माझ्या यादीत 'नाही'चा रकाना कोरा करकरीत. डॉक्टर हवेत. रात्री जेवताना मलाच विचारायला लागले, पार्लमेंटात टाय कोणता घालू?

यादी बघून रिबेकामावशी इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मेल्यांनो, चाळीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. डॉक्टरला तोंडावर 'नाही' म्हणणारा पेशंट अजून जन्माला यायचाय!"

मी चिडले. म्हटलं, मावशी, तुम्हाला कशातच चांगलं दिसत नाही. दोन दिवस त्यांना फोनही केला नाही. आता लाज वाटते, पण केला नाही.

*

मतमोजणी लेझर सेंटरच्या, म्हणजे गावच्या क्रीडासंकुलाच्या, बॅडमिंटन हॉलमध्ये. उमेदवार पाच. लालवाला होता, निळा म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह होता, पिवळा म्हणजे लिबरल होता, सूट घातलेले आमचे डॉक्टर होते, आणि पाचवा लीक! लीक म्हणजे कांद्याच्या पातीच्या मोठ्या भावासारखी भाजी, वेल्सची निशाणी. एक इसम नखशिखांत स्पंजचा लीक होऊन उभा राहिला होता. त्याचा जाहीरनामा एका ओळीचा: पाऊस फक्त मंगळवारी.

निकाल वाचला. लाल पहिला, हे सांगायला नकोच. निळा, पिवळा. चौथा लीक.

पाचवे जोगळेकर डॉक्टर.

स्टेजवर सगळ्यांनी हस्तांदोलन केलं. लीकचे हात स्पंजमध्ये अडकलेले, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या पातीला हात लावला. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला. प्रकाशला हसू आवरेना. मी त्याला असा चिमटा काढला की तो कळवळला, पण खरं सांगते, हसू मलाही येत होतं आणि रडूही.

घराशी आल्यावर वहिनी फुटल्या. "यांच्या पोरांना गोवर झाला तेव्हा आपली मृणाल तापानं फणफणलेली टाकून गेलात तुम्ही! आणि यांनी एका भाजीला मत दिलं! भाजीला!"

डॉक्टरांनी टाय सोडला. म्हणाले, "शैला, उद्या सर्जरीच्या पार्टनरशिपची कागदपत्रं काढून ठेव. मी रिटायर होतो. घर विकू आणि मृणालकडे जाऊ. राउंडअबाउटला गोल गोल फिरू, पण कोणाच्या दारात जाणार नाही."

मी समजूतही घातली नाही. मला स्वतःलाच त्या गावाचा इतका राग आला होता.

*

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पहिली अपॉइंटमेंट मिसेस प्रिचर्ड, वय ऐंशीच्या पुढे, नवरा खाणीतला, कधीच गेलेला. वेटिंग रूममध्ये नेहमी कलकल असते. त्या दिवशी जो तो जमिनीकडे बघत बसलेला. मी कोणालाच गुड मॉर्निंग केलं नाही.

बाई आत गेल्या. मी कागदपत्रांची फाइल घेऊन मागोमाग गेले आणि दारातच थांबले, कारण बसायच्या आधीच त्या सुरू झाल्या होत्या.

"डॉक्टर, बाळा, बाकीचे तुम्हाला सांगणार नाहीत. घाबरट आहेत मेले. म्हणून मी सांगते. मी तुम्हाला मत दिलं नाही."

डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "असू दे, मिसेस प्रिचर्ड. मत तुमचं आहे."

"आमच्या गल्लीत कोणीच दिलं नाही. मी दारोदार जाऊन सांगून आले, खबरदार कोणी दिलंत तर! लालवाल्याला द्यायचं जिवावर आलं, म्हणून त्या लीकला दिलं. मागच्या गल्लीनंही."

"पण का?" हे मी विचारलं. मध्ये बोलायचा मला काही अधिकार नव्हता, पण तोंडातून निघून गेलं.

बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच वेडी आहे. "का म्हणजे? जिंकले असते तर सोमवार ते गुरुवार लंडनला! वॉर्ड तर चाललाच आहे, वर डॉक्टरही पाठवून देऊ? मग आमच्याकडे कोण बघणार, तो लीक?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाईंनी बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी बीपीचा पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, आणि परत एकदा भरली.

"बरंच वाढलंय, मिसेस प्रिचर्ड."

"वाढणारच!" बाई म्हणाल्या. "रात्रभर टीव्हीपुढे बसून होते. म्हटलं, चुकून जिंकताय की काय!"