विहिरीचं पान

वाचनालयात मोठ्यानं बोलायला मनाई, म्हणून लोक माझ्यासारख्या शिपायाच्या कानाशी येऊन बोलतात. तीस वर्षांत किस्से साठणारच! पण सुधाकरच्या कादंबरीचे किस्से मी फारसे सांगत नाही. शिंदखेड्याजवळच्या आमच्याच गावचा तो पोरगा. धाकटी बहीण मंदा विहिरीत गेली, तिच्यावर त्यानं लिहिलं. गाव म्हणतं, पाय घसरला. कादंबरी म्हणते, काकांनी ढकललं आणि गावानं पाहिलं.

बक्षीस जाहीर झालं, तसा जो तो विचारायला लागला, "नाना, विहिरीचं पान कोणतं?" महिन्याभरात पुस्तक हातात धरलं की आपोआप तिथंच उघडायचं!

निषेध सभेत कादंबरी जाळायचं ठरलं. पण प्रत कुठंय? सरपंच माझ्याकडे आले. मी हळूच म्हटलं, "भाऊ, नावावर घ्यावी लागेल." त्यांनी सही करून नेली. आठ दिवसांनी जशीच्या तशी परत!

"मग जाळलं काय, भाऊ?"

"जुनं पंचांग, खाकी कव्हर घालून! ही प्रत घरात मंडळी वाचत होती."

धुळ्याहून प्राध्यापक आले, आमच्याच हॉलमध्ये चर्चा झाली. ते म्हणाले, "ही विहीर म्हणजे एक प्रतीक आहे." झाडू मारणारी अक्का दारातून बोलली, "साहेब, इहीरच शे ती. दोन महिने कोणी पाणी भरलं नाही." साहेबांनी चष्मा पुसला आणि पुढचा मुद्दा घेतला.

सत्कार घेऊन सुधाकर गावात आला, तर घराला कुलूप. शाल-नारळाची पिशवी मांडीवर ठेवून माझ्या टेबलाशी बसून राहिला. एवढंच विचारलं, "नाना, आबांनी ऐकली का हो?"

आबा म्हणजे त्याचे वडील. त्यांना अक्षरओळख नाही. त्याआधीच गावानं निवेदन लिहिलं होतं: कादंबरी खोटी आहे, बक्षीस परत घ्या. त्यावर बापाचा अंगठा हवा होता. सरपंच आबांना वाचनालयातच घेऊन आले. मागे गाव. आबा म्हणाले, "आधी वाची दखाडा."

मी चौथी शिकलेला. बोट ठेवत ठेवत ते पान वाचलं. त्यात होतं, काकांनी मंदाला ओढत नेलं तेव्हा बाप कापूस घेऊन धुळ्याला गेला होता. घरी असता, तर आडवा पडला असता.

आबांनी पुस्तक मिटलं.

"पोऱ्यानी खोटं लिखेल शे."

सरपंचांनी लगेच शाईचं पॅड पुढे केलं. आबांनी हात मागे घेतला.

"त्या दिन मी घरमाच व्हतू."