मेश्रामकाकांच्या खोलीतलं गुदमरणं

हेडफोनमध्ये माणूस गुदमरत होता आणि स्क्रीनवर पेशंटचा श्वास मात्र अगदी नीट चालला होता.

मी रायपूरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्लीप टेक्निशियन आहे. पेशंटला वायरी लावून झोपवायचं आणि बाजूच्या खोलीत बसून त्याची झोप बघायची, हे माझं काम. नाकाखालची नळी श्वास टिपते, पट्टा छातीची हालचाल टिपतो, बोटावरची क्लिप रक्तातला ऑक्सिजन दाखवते. घोरणं ऐकायला खोलीत माइक असतो, बघायला कॅमेराही.

त्या रात्रीचे पेशंट बीरगांवचे मेश्रामकाका. कारखान्यातून रिटायर झालेले. सोबतीला काकू. काकांची तक्रार विचित्र होती.

"मॅडम, रात्री आमच्या खोलीत कोणीतरी गुदमरते. माहा मोठा भाऊ दम्यानं गेला. थोच येऊन राहिला."

रात्री झोप नाही, दिवसा डुलक्या. डॉक्टरांना वाटलं, स्लीप अप्नीया असणार. म्हणजे झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, ऑक्सिजन खाली जातो, मग माणूस दचकून हवा ओढतो. गुदमरणारे काकाच असतील, अर्धवट जागेपणी स्वतःचाच आवाज ऐकत असतील. मलाही ते पटलं होतं.

आता आवाज तर येत होता. घरघर, मग एकदम शांतता. लांबत जाणारी. मग बुडता माणूस पाण्याबाहेर यावा तसा आचका. पण काकांच्या श्वासाची रेघ जागची ढळत नव्हती.

मी डॉक्टरांना फोन लावला.

"सर, गुदमरल्याचा आवाज येतोय, पण श्वासाचा फ्लो नॉर्मल आहे."

"नली सरक गई होगी."

"ऑक्सिजनही नॉर्मल आहे, सर. छातीचा पट्टाही."

ते म्हणाले, "अंदर जाके देखो."

कॅमेऱ्यात पाहिलं. काका वायरींसकट उठून बसले होते आणि कॅमेऱ्याबाहेरच्या कोपऱ्याकडे टक लावून बघत होते.

दाराच्या मुठीवर हात ठेवून मी थांबले. हेडफोन टेबलावर होता, तरी आवाज येत होता. दारापलीकडून. मग तोही बंद झाला.

आत गेले तर काका कुजबुजले, "तुम्हालेही आला ना आवाज? मले एकट्यालेच नाही ना?"

"आला काका."

"आता चूप झाला. असाच चूप होते थो."

"कुठून येतो?"

त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे सोबतच्या माणसाचा बाक होता. बाकावर काकू तोंडावरून पदर घेऊन उताण्या पडलेल्या.

मी मोबाइलचा टॉर्च लावला. पोट वर येत होतं, छाती आत ओढली जात होती, पण हवा आत जात नव्हती. पदर बाजूला केला. ओठ काळपट दिसले. जास्तीची क्लिप होती ती बोटाला लावली. ऑक्सिजनचा आकडा सत्तरच्या खाली; असायला हवा पंचाण्णवच्या आसपास.

"काकू! उठा, काकू!"

मी त्यांना गदागदा हलवलं. मोठा आचका आला आणि डोळे उघडले.

"काय झालं बाई? काहून उठवलं? मी तं आत्ताच पडली."

"म्हणजे हे होती?" काका म्हणाले. "भाऊ नाही?"

"नाही काका."

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. पण ते काकूंकडे बघत म्हणाले, "मी तं भेवानं डोक्यावरून चादर घेऊन पडून राहत होतो. हे बाजूले मरून राहिली, अन् मी भावाले हात जोडून राहिलो. म्हणत होतो, जा बापा, जा."

काकूंना कुशीवर वळवून मी सकाळपर्यंत जवळ बसले. त्यांना पुन्हा झोपायचं होतं. काका मात्र झोपू देईनात.

पुढे काकूंची टेस्ट झाली. त्या आधी नाहीच म्हणाल्या. "बाया कुठी घोरतात? लोकं हासतीन." अप्नीया चांगलाच वाढलेला निघाला. आता त्या मास्क लावून झोपतात. मशीन दाबानं हवा सोडतं, त्यानं घसा उघडा राहतो. काकांचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि डुलक्याही गेल्या. त्यांची झोप मोडत होती ती काकूंच्या आवाजानं.

तेव्हापासून मी सोबत आलेल्या बाईलाही विचारते, तुमची झोप कशी आहे? बहुतेक जणी म्हणतात, मला काही नाही, मी ठीक आहे. मग मी नवऱ्याला विचारते.