मला शेल्फ नको

कुसुममावशीला कोणाकडे काही मागायला लावणं म्हणजे तिचा दात उपटणं. शाळेतून निवृत्त झाली, काका गेले, तेव्हा तिने काचीगुड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स मशीन आणून ठेवलं. आत अडकलेला कागद कसा काढायचा हेसुद्धा ती पुस्तक वाचून शिकली. मी तिचा भाचा, तारनाक्याला राहतो. या गोष्टीत माझा वाटा थोडा आहे, आणि जो आहे तो बहुतेक चुकीचा आहे.

२०१४ च्या उन्हाळ्यापासून रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला करंट जायचा. आम्हा हैदराबादच्या लोकांची वीज जात नाही, करंट जातो. दुकानाच्या पायरीवर एक छोटा पेट्रोलचा जनरेटर होता. तो दोरी ओढून चालू करायचा. मी दोनदा ओढून पाहिला. पहिल्यांदा बोटाचं सालटं निघालं, दुसऱ्यांदा मी पायरीवर बसलो, म्हणजे आपटलो. मावशीचा तर उजवा खांदा दहा वर्षं आखडलेला. फळ्यावर लिहून लिहून, असं ती म्हणते.

जनरेटर वरच्या मजल्यावरच्या चलपतिरावांचा. हे मूळचे तेनालीचे, सरकारी खात्यात कारकून, सव्वीस वर्षं मावशीचे भाडेकरू. एका फंक्शन हॉलच्या जुन्या सामानातून त्यांनी तो उचलला आणि 'वर जागा नाही' असं सांगून मावशीच्या पायरीवर आणून ठेवला. वर भरपूर जागा होती. करंट गेला की मावशी जिन्याकडे तोंड करून हाक मारायची, "चलपतिराव, दोरी." ते लुंगी सावरत खाली यायचे, एक पाय जनरेटरवर रोवायचे, आणि चौथ्या-पाचव्या ओढीला इंजिन धडधडायला लागायचं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मावशी न संकोचता मागायची.

जूनमध्ये राज्याची वाटणी झाली. खात्यांची झाली, फायलींची झाली, खुर्च्यांची झाली, मग माणसांची. मावशीच्या मशीनमधून महिनाभर लोकांची सर्व्हिस बुकंच निघत होती. चलपतिरावांचं नाव आंध्राच्या यादीत निघालं. दसऱ्याच्या आत गुंटूरला हजर व्हायचं.

मावशीला वाटणी नवी नव्हती. छप्पन साली भाषावार राज्यं झाली आणि निम्मी मराठी गल्ली बिऱ्हाडं उचलून औरंगाबादेला आणि मुंबईला गेली, तेव्हा तिचे वडील इथेच राहिले. मागे राहिलेल्यांचं काय होतं ते तिने लहानपणीच पाहिलं होतं. पुण्याहून तिच्या मुलाचे, माधवचे फोन सुरू झाले. "आई, आता दोरी कोण ओढणार? दुकान बंद कर आणि इकडे ये." मीही त्याचीच री ओढत होतो. दुकान बंद झालं की मावशीचं हैदराबाद संपलं, हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. तरी आम्ही तिला शहाणपण शिकवत होतो. आज त्याची लाज वाटते.

एका संध्याकाळी दोरी ओढून झाल्यावर चलपतिराव हात पुसत म्हणाले, "अम्मा, जाने के पहले इदर सेल्फ बिठाके जाता मैं. बाद में किसकू बुलाने का काम नक्को."

मावशीने ऐकलं 'शेल्फ'. म्हणजे हे जनरेटर घेऊन जाणार आणि त्या जागी एक फळी ठोकून देणार. त्या रविवारी मी गेलो तर तिने जनरेटर पुसून, जुन्या चादरीत बांधून तयार ठेवलेला.

"त्यांचं आहे, ते नेतील," मावशी म्हणाली. "पण फळी देऊन माझी समजूत काढायची? मला शेल्फ नको."

पुढचा आठवडाभर तिने हाक मारली नाही. करंट गेला की दुकानाचं दार लोटून आत बसायची. चलपतिराव आठ वाजता अर्धा जिना उतरायचे, थोडं थांबायचे आणि परत वर जायचे. विचारायची त्यांची हिंमत नव्हती. इतका भिडस्त माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढच्या रविवारी ते अंबाजींना घेऊन आले. अंबाजी म्हणजे रेल्वेच्या वर्कशॉपमधले निवृत्त फिटर, स्टेशनच्या मागे राहणारे. पोत्यात राणीगंजच्या भंगारातून आणलेलं दात्यांचं चाक, एक छोटी मोटर आणि स्कूटरची बॅटरी. मावशी दारातच उभी राहिली.

"अंबाजी, मला फळी नको."

"कसली फळी?" अंबाजींनी पोतं खाली ठेवलं. "शेल्फ नव्हे कुसुमताई, सेल्फ. स्कूटरला असतो तो. बटण दाबलं की इंजिन चालू."

मावशी चादरीत बांधलेल्या जनरेटरकडे बघत राहिली. सव्वीस वर्षांत चलपतिरावांना मराठी बोलता आलं नाही, पण समजायचं सगळं. ते हळूच म्हणाले, "अम्मा, मशीन मैं कायकू लेके जातौं? वहाँ मेरेकू कौन आवाज देता?"

मावशी आत गेली आणि बराच वेळ चहाच करत राहिली. मला तर रडू आलं, पण माझ्याकडे टॉर्च धरायचं काम होतं.

दुपारभर झटापट चालली. जुनं चाक निघता निघेना. नवं बसलं तर मोटरचे दाते त्यात नीट बसेनात, नुसती खरखर. अंबाजींनी मोटर तीनदा काढली आणि वायसर घालून तीनदा बसवली. चौथ्या वेळी बटण दाबलं तसं इंजिन सुरू झालं. जुनी दोरी अंबाजींनी तशीच ठेवली, बॅटरी उतरली तर असावी म्हणून.

निघायच्या दिवशी सकाळी चलपतिराव बदलीचा हुकूम घेऊन खाली आले. तीन झेरॉक्स हव्या होत्या. तेवढ्यात करंट गेला. त्यांचा पाय सवयीने जनरेटरवर गेला, हात दोरीकडे.

"राहू द्या," मावशी म्हणाली, "प्रवासाचे कपडे आहेत." आणि तिने स्वतः बटण दाबलं. प्रती तिने चार काढल्या. चौथी काउंटरच्या काचेखाली सरकवली.

दिवाळीनंतर एका सकाळी मी दुकानात होतो. माधवचा फोन चालू असतानाच करंट गेला. मावशीचं तोंड जिन्याकडे वळलं. वर कुलूप होतं. फोनमधून माधवचा आवाज मलाही ऐकू येत होता. "गेला ना करंट? आता कोण आहे तिथे तुझं?"

मावशीने बटण दाबलं. इंजिन धडधडायला लागलं. तिने फोन इंजिनाजवळ धरला, चांगला मिनिटभर. मग कानाला लावून म्हणाली,

"चलपतिराव आहेत."